गोटीराम, तुझं सोल्डर पक्कं होतं

गोटीराम, तुझ्या दहाव्याला कावळा पटकन शिवला. एरवी आपल्याकडे लोक तास तास ताटकळतात, मग कुणीतरी पुढे होऊन म्हणतं, पोरीचं लग्न आम्ही बघू, बांधाचं भांडण मिटवू, आणि तेव्हा कुठे तो येतो. तुझ्या वेळी पिंड ठेवून माणसं मागे सरतात न सरतात तोच एक काळा येऊन बसला, चोच मारली आणि भात घेऊन गेला. मंडळी म्हणाली, "सुखी माणूस. कायसुदा मागं ठेवलं नाय त्यानं."

मी नदीच्या काठावर हात जोडून उभा होतो आणि माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं. कावळा अडला असता तर ते मला सगळ्यांसमोर बोलावं लागलं असतं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही हे तुला ठाऊक आहे, त्यावरून आपण किती चहा थंड केलेत. तरीही कावळा उडाला तेव्हा मला हायसं वाटलं. आणि त्या हायसं वाटण्याची लगेच इतकी लाज वाटली की मी न जेवताच मुरबाडला परतलो.

ते वाक्य असं होतं: गोटीराम, तुझं सोल्डर पक्कं होतं, मॉनिटर माझ्या चुकीने जळला. धड दहा शब्द नाहीत. सहा वर्षं ते मला जमले नाहीत, आणि आता ऐकणारा राहिला नाही तर कागदावर भराभर उतरतायत.

माझा कॉम्प्युटर क्लास बंद पडला तेव्हाचं आठवतं का? मुरबाडच्या स्टँडसमोर खाली तुझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आणि वर माझा क्लास. शाळेत एका बाकावर बसलेले आपण, पन्नाशीतही एकाच जिन्याने वरखाली करत होतो. लोक मोबाइलवर सगळं शिकायला लागले आणि माझ्याकडे शिकायला कुणी उरलं नाही. सगळी यंत्रं गेली, एक जुनं राहिलं, तेही भंगारवाला नको म्हणाला म्हणून. तू ते स्वतः उचलून खाली आणलंस आणि दुकानात टेबलावर मांडलंस. म्हणालास, "राहू दे हितं. जागा हाय." जागा कुठे होती रे? पाय ठेवायला फट नव्हती. मला रोज यायला काहीतरी निमित्त असावं म्हणून तू तुझं निम्मं टेबल दिलंस, हे मला तेव्हाच कळलं होतं. तेही कधी बोललो नाही. आपल्यात बोलायची जबाबदारी तुझी आणि शहाणपणा करायची माझी, अशी वाटणीच होती.

मग गावच्या शाळेत प्रदर्शन भरणार असं ठरलं आणि तुझ्या डोक्यात तुमच्या गावाजवळचा माहुलीचा गड शिरला. तुझ्यासारख्या शेणव्याच्या माणसाने माहुलीचं चित्र कॉम्प्युटरवर काढून दाखवायचं, तेही या भंगार कॉम्प्युटरवर, तू स्वतः उभ्या केलेल्या रंगीत मॉनिटरवर. तीन मेलेल्या मॉनिटरांचे अवयव जोडून तू तो एक जिवंत केला होतास. चौकटीची वही आणलीस आणि एकेक चौकट रंगवत बसलास. गडाचे सुळके, खालचं रान, वर पुनवेचा गोल चंद्र. गिऱ्हाइकाचा टीव्ही उघडा पडलेला आणि तू निळ्या पेन्सिलीला टोक करतोयस, हे मी पाहिलंय.

मी तुझ्या चौकटी मोजून कॉम्प्युटरमध्ये भरल्या आणि चित्र उमटलं तेव्हा तू इतका हसलास की चष्मा काढून डोळे पुसलेस. चंद्र अंड्यासारखा उभट झाला होता आणि माहुलीचे सुळके आभाळात घुसले होते. म्हणालास, "माहुली एवढी उभी आसती तर आमची गुरं चढली आसती का रे तिच्यावर?"

चूक तुझ्या वहीची नव्हती. कॉम्प्युटरमधून पडद्याला चित्र पुरवणाऱ्या कार्डाच्या ठरलेल्या मोडमध्ये, म्हणजे मांडणीत, आडवे तीनशेवीस ठिपके आणि उभ्या दोनशे ओळी, त्यामुळे पडद्यावरचा प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा उंच. वहीतली चौकट चौरस आणि पडद्यावरची उभी. चंद्र गोल हवा तर दोनशेचाळीस ओळी हव्यात. माझ्याकडच्या पुस्तकात दोनशेचा मोड होता, चारशेऐंशीचा होता, हा नव्हता. तू विचारलंस, "पुस्तकात नाय, तर त्या कार्डाला तरी कसा माहीत आसंल?"

मी म्हणालो, कार्डाला काहीच माहीत नसतं. त्याच्या पोटात लहान लहान कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. एकात ओळ किती लांब ते, एकात ओळी किती ते, एकात ठिपके किती वेगाने टाकायचे ते. पुस्तकातला मोड म्हणजे कुणीतरी भरून ठेवलेले आकडे. आपण आपले आकडे भरले तर ते बिचारं तसंच वागेल. तू मॉनिटरवर हात ठेवून म्हणालास, "आन मॉनिटरला झेपलं नाय तर?" सगळ्या पुस्तकांत मिळून इतका शहाणा प्रश्न मला सापडला नव्हता.

म्हणून तू दोन नेम घालून दिलेस. एक, आकडे भरण्याआधी मी कागदावरून मोठ्याने वाचायचं आणि तू पडद्यावर प्रत्येक आकड्याखाली बोट ठेवून "हाय" म्हणायचं. दोन, मी चालू करताना तुझा हात मॉनिटरच्या बटणावर. झेपेनासं झालं की जुना मॉनिटर बारीक शीळ घालतो, म्हणायचास, आणि शीळ ऐकली की विचार करत बसायचं नाही, बंद करायचं. त्या दिवसांत किती वेळा तू तो बंद केलास! मी चिडायचो, दोन क्षण तरी बघू दे म्हणायचो. तू म्हणायचास, "तुझं दोन क्षान, आन माझा ट्रान्झिस्टर."

ज्या दिवशी चंद्र गोल आला त्या दिवशी तुझा विश्वास बसेना. लोणच्याच्या बरणीचं झाकण काचेवर धरून पाहिलंस. झाकण आणि चंद्र कडेला कड जुळले. तू तडक रस्ता ओलांडून गेलास आणि दामूला त्याच्या चहाच्या टपरीवरून हाताला धरून आणलंस. दामू म्हणाला, "आयला, ह्यो तं आपला गड हाय." तुझा तेव्हाचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो.

तिथेच थांबायला हवं होतं. आपलं भांडण त्यावरूनच झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. मला आणखी बारीक चित्र हवं होतं. आडवे तीनशेसाठ, उभ्या चारशेऐंशी. त्या कार्डातून एवढे ठिपके आणि एवढे रंग एकदम काढणं म्हणजे काय, हे तुला कळत नव्हतं आणि मी ते समजावून सांगण्यापेक्षा दाखवून देणार होतो. तू म्हणालास, "झाला ना गोल? मंग आता कशाला खाजवतोस? माझी सगळी वही परत भरायची का?" मी म्हणालो, वही मी हिशेब करून बदलून देतो. तू म्हणालास ट्यूब म्हातारी आहे. मी म्हणालो, टीव्हीवाला तो टीव्हीवालाच राहणार. तू पक्कड खणात ठेवलीस आणि खण जरा जोरात लावलास. खरं सांगू? तीनशेसाठचा मोड करून बघायलाच हवा होता असं मला आजही वाटतं. तू ऐकत असशील तर हे भांडण चालू आहे असं समज. मी चुकलो तो दुसरीकडे.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी दुकानात आलो तेव्हा तू चहा आणायला गेला होतास. शटर उघडं, टेबल मोकळं. मी घरी नवा प्रोग्रॅम लिहून आणला होता. मनात म्हटलं, हा परत येईल, कागद वाचायला लावील, बोट ठेवील, ट्यूब म्हातारी म्हणेल, त्यापेक्षा तो यायच्या आत चित्र लावून ठेवू. वाचलं नाही. बटणावर कुणाचा हात नव्हता. चालू केलं. तिरक्या रेषांचं फाटलेलं चित्र आलं आणि मॉनिटरने शीळ घातली. मी ती ऐकली, गोटीराम. ऐकली आणि विचार करत बसलो. मागची खुंटी फिरवली की चित्र स्थिर होईल असं वाटलं, हात मागे नेला, तेवढ्यात टक्‌ असा आवाज झाला आणि पडदा काळा पडला. जळक्या वासात तू दोन ग्लास घेऊन दारात उभा होतास.

तू मला एक शब्द विचारला नाहीस. मागचं झाकण काढलंस, ट्यूबचा करंट उतरवलास, भिंग लावलंस. आउटपुटचा ट्रान्झिस्टर गेलेला. त्याच्याजवळ ईएचटी, तो पिक्चर ट्यूबला विजेचा दाब पुरवणारा काळा ठोकळा. त्याचा पाय बोर्डाला जोडणारं सोल्डर काळं पडून त्याला गोल तडा गेला होता. ते सोल्डर तू आठवड्यापूर्वी स्वतः नवीन केलं होतंस. भिंगातून तू खूप वेळ बघत राहिलास. मग म्हणालास, "माझंच सोल्डर ड्राय राह्यलं रे, कच्चं."

त्या क्षणी मलाही ते खरं वाटलं, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो. मी वर म्हणालो, "होतं असं कधी कधी." मी आयुष्यात बरीच फालतू वाक्यं बोललोय, पण यासारखं दुसरं नाही.

संध्याकाळी घरी प्रोग्रॅमचा कागद सहज वाचला. मोठ्याने वाचला, तुझी सवय लागली होती म्हणून. तिसऱ्याच ओळीवर थांबलो. आधीच्या दोनशेचाळीसच्या प्रोग्रॅममधून ती ओळ मी जशीच्या तशी उचलली होती. तिथे आकडा होता ई-तीन, इथे हवा होता ई-सात; कार्डाचे आकडे असे अक्षर घेऊनच येतात. ओळ लांबवली तर ठिपके टाकण्याचा वेगही वाढवावा लागतो; तो वेग त्या एका आकड्यात असतो. मी ओळ लांबवली आणि वेग जुनाच ठेवला. मग एकेक ओळ पुरी करायला मॉनिटरला जास्त वेळ लागतो, आउटपुटमधून भलताच करंट जातो, ट्रान्झिस्टर तापतो, आणि शेजारी कितीही चांगलं सोल्डर असो, ते करपतं. तू असतास तर तिसऱ्या ओळीवर तुझं बोट थांबलं असतं. तुला ई-सात पाठ होतं, कारण मीच तुला ते अभिमानाने चार वेळा सांगितलं होतं.

सकाळी सांगायचं ठरवून मी आलो होतो, खरंच. पण तू आधीच दामूच्या टपरीवर बसला होतास आणि जीपवाल्यांना, कंडक्टरला, दामूला सांगत होतास, "डोळं गेलं आता माझं. पक्कं कुठलं आन कच्चं कुठलं, कळत नाय." डॉक्टरने मोतीबिंदूची सुरुवात म्हणून सांगितलंच होतं, तुला त्याचा पुरावा मिळाला. लोक तुझी समजूत काढत होते. तिथे मध्येच मी माझी चूक कशी सांगू, असं मनाशी म्हटलं, दुपारी सांगू म्हटलं. चहा प्यायलो आणि उठलो. ती दुपार काही आली नाही. प्रदर्शनात तुझी वहीच उघडून ठेवली, लोकांना तीही आवडली.

मला वाटलं होतं, चार दिवसांत तू विसरशील. तू विसरला नाहीस. नाजूक काम आलं की गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानाचा पत्ता द्यायला लागलास. मग रिमोट आणि वायरीच तेवढ्या करायचास. मग एक दिवस शटर खाली ओढलंस आणि शेणव्याला जाऊन ओटीवर बसलास. चाळीस वर्षं सोल्डर केलेला हात तू मांडीवर ठेवून बसलास, एका आकड्यापायी, आणि तो आकडाही तुझा नव्हता.

मी यायचो. वहिनी चहा करायच्या. आपण पावसापाण्याचं, कुणाच्या म्हशीचं बोलायचो. दर वेळी येताना वाटेत किन्हवलीपर्यंत जीपमध्ये मी ते वाक्य घोकायचो आणि तुझ्या अंगणात आलो की माझ्या जिभेला कुलूप लागायचं. जितका उशीर तितकं ते सांगणं लाजिरवाणं होत गेलं. आधी फक्त मॉनिटर जळाल्याचं सांगायचं होतं. नंतर तुझं दुकान बंद झाल्याचं सांगावं लागलं असतं.

एकदा तूच त्या विषयाचं दार उघडलंस. गेल्या वर्षी भात झोडून झालं होतं, अंगणात पेंढा पडला होता. तू मध्येच विचारलंस, "विलास, तुला काय वाटतं, त्या टायमाला माझा हात हालला आसंल का?" तू माझ्याकडे बघत नव्हतास, हाताकडे बघत होतास. मी म्हणालो, "वय झालं आपलं, गोटीराम." तू मान हलवलीस आणि पेंढा सारखा करायला उठलास. माझ्या सगळ्या गप्प बसण्यात ते एकच बोलणं झालं, आणि तेही खोटं.

तू दोन दिवसांच्या तापात गेलास. मला निरोप आला तेव्हा मी दाढी करत होतो आणि पहिला विचार काय आला सांगू? आता सांगता येणार नाही, हा नाही. आता सांगावं लागणार नाही, हा. मित्र म्हणून मी किती मोलाचा होतो ते यावरून तुला कळेल. सांगता येणार नाही हा विचार नंतर आला, आणि दाढी तशीच अर्धी राहिली.

काल वहिनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ई-तीन, ई-सात, शीळ, पेंढा, सगळं. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. मला वाटलं रडतील किंवा शिव्या देतील. एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "भावजी, ते रोज दुपारचं काडीपेटीतली काडी अशी उभी धरून बसायचं. हात हालतो का बघायचं. नाय हालायची काडी. मी बोलायची, बघा, हालत नाय. तरी त्यांचा इश्वास नाय बसला."

मी म्हणालो, "वहिनी, माझं चुकलं."

"मला कशाला सांगता? मी कवा बोल्ले का त्यांचं काम कच्चं व्हतं?" मग सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "त्यांनी जिथं सांगितलं ना, तितंच जावून सांगा. दामूच्या टपरीवर. चार लोकांत सांगितलं व्हतं त्यांनी."

आज सकाळी गेलो. कल्याणची गाडी नुकतीच सुटली होती, टपरीवर जीपवाले होते, दोघे तिघे जुने ओळखीचे. दामूने चहा दिला. मी अर्धा प्यायलो, तेवढाच धीर गोळा होईपर्यंत, आणि उभ्यानेच सांगितलं की गोटीरामचं सोल्डर पक्कं होतं, आकडा माझा चुकला होता, आणि त्याने उगीच स्वतःवर घेतलं.

कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही, गोटीराम. दामू फडक्याला हात पुसत म्हणाला, "आमी तवाच बोल्लो व्हतो त्याला. तुझं सोल्डर सुटायचं नाय, त्या विलासचंच कायतरी चुकलं आसंल. तर माझ्यावर खवळला. बोल्ला, विलास आकडा चुकत नाय. आठ दिवस हितं चहा प्यायला नाय."

मला खाली बसावंसं वाटलं, पण बाकडं भरलेलं होतं. म्हणजे अख्ख्या स्टँडाचा तुझ्या हातावर विश्वास होता. तुझा एकट्याचा नव्हता, कारण तो तू माझ्यावर ठेवला होतास.

दामूने विचारलं, "पन त्याला सांगितलंस ना तू हे? जायच्या आदी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी नाही म्हणालो. दामूने माझ्या हातातला ग्लास काढून घेतला, निम्मा चहा तसाच होता, आणि तो विसळायच्या बादलीत बुडवला. बाकीच्यांनी तोंडं रस्त्याकडे वळवली. तू तिथे असतास तर दामूवर पुन्हा खवळला असतास, माझी बाजू घेतली असतीस, आणि तेवढंच मला आज सोसत नाही.